पाच हजाराला एक कमी

१

पाच वाजून दहा मिनिटांनी ठिणगीनं फोन उघडला, आणि आकडा बघून तिला वाटलं काचेवर काहीतरी घाण लागलीय. बाहीनं काच पुसली. आकडा तोच. चार हजार नऊशे नव्व्याण्णव.

सकाळी पावणेसातला, आईला दवाखान्यात सोडायला निघताना, तोच आकडा पाच हजार आठ होता. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, आईलाही दाखवला होता. आई चालता चालता थांबली होती.

"म्हणजे लागतात त्याच्यापेक्षा आठ जास्तच?"

"आठ जास्त. झालं आपलं काम."

आणि आता पाच हजाराला एक कमी. एक! दुपारी एक ते पाच ती गोडाऊनमध्ये बाटल्यांवर लेबलं चिकटवत होती, आणि तिथला नियम असा की फोन फाटकावरच्या पेटीत ठेवायचा. सकाळनंतर आकडा बघायचा राहूनच गेला होता, तेवढ्यात कोणीतरी घर साफ करून गेलं होतं.

प्रकरण असं होतं. पालिकेच्या दवाखान्यात डायलिसिसची तीन मशीनं होती. आठवड्यातून तीनदा आईचं रक्त त्यातल्या एकातून धुऊन निघायचं, म्हणून आई जिवंत होती. आता पालिकेनं ठरवलं की मशीनं नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायची. दवाखाना घरापासून सात मिनिटांवर. मोठं हॉस्पिटल दोन बस पलीकडे, आणि मशीनवरून उतरलं की आईला जिना चढतानासुद्धा डोळ्यांपुढे अंधारी यायची. बसमध्ये लोंबकळत कोण नेणार तिला?

पालिकेच्या साइटवर 'नागरिकांचा आवाज' नावाचं एक पान होतं. तिथं याचिका टाकायची. ठरलेल्या दिवशी, म्हणजे आज शुक्रवारी, संध्याकाळी पाचला पाच हजार सह्या असल्या तर भरसभेत जाहीर चर्चा, आणि चर्चा होईपर्यंत निर्णय अमलात आणायचा नाही. ठिणगीनं शाळा नववीत सोडली होती, पण मोजणं सोडलं नव्हतं. दोन महिने दारोदार हिंडून, लोकांच्या हातातले फोन अक्षरशः ओढून, तिनं पाच हजार आठ केले होते.

तिनं पेटीवर लाथ मारली. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "अगं, पेटीनं काय केलं तुझं?"

"पेटीनं नाही. पण कोणीतरी केलंय. आणि मी त्याला सोडणार नाही."

२

पालिकेत याचिकांसाठी वेगळी खिडकी होती, तीन नंबरची. खिडकीवाले साहेब गोड माणूस. दोन महिन्यांत त्यांनी तिला कधी हिडीसफिडीस केलं नव्हतं. दिवसभर शिक्के मारून मारून त्यांचा उजवा अंगठा कायम जांभळा असायचा.

शनिवारी खिडकी उघडायच्या आधीच ठिणगी काचेला नाक लावून उभी.

"माझ्या नऊ सह्या चोरीला गेल्या."

"चोरीला नाही गं, काढून घेतल्या. सही करता येते तशी मागेही घेता येते. लोकशाही आहे, बाई."

"शेवटच्या दिवशीच नऊ जणांना एकदम लोकशाही आठवली?"

साहेब हसले. "जीभ आहे की कात्री? हे बघ, नियम असाय. ज्याची सही त्यानंच काढली, तर विषय संपला. पण दुसऱ्या कोणी परस्पर काढली हे तू दाखवलंस, तर सही परत धरतात. आक्षेप अर्ज सोमवारी दुपारी एकपर्यंत."

"एक सही परत आली तरी पाच हजार होतात."

"एकच पुरे."

"कोणी काढल्या, नावं द्या."

"नावं आम्हाला दिसतात, तुम्हाला नाही. गोपनीय. वेळा मिळतील, त्या याचिका करणाऱ्याला द्यायलाच लागतात." त्यांनी एक कागद छापून खिडकीतून सरकवला. कोपऱ्यात ओल्या शाईचा अंगठा उमटला, मधोमध जुन्या जखमेची पांढरी रेघ.

"हात पुसा की," ठिणगी म्हणाली.

"पुसून जात नाही. वीस वर्षांची शाई आहे ही."

कागदावर नऊ वेळा होत्या. सकाळी सात अठ्ठेचाळीस, सात पन्नास. मग अकरा पंचवीस. मग बारा एकतीस, बारा तेहेतीस, बारा चौतीस. मग चार एक्केचाळीस, चार त्रेचाळीस, चार सेहेचाळीस.

तिनं त्या तीनदा वाचल्या. कुठंतरी पाहिल्यासारख्या वाटत होत्या, पण आठवेना.

३

पहिला संशय टायपिंगवाल्या काकांवर. अर्ज भरायचं दुकान चालवायचे. ज्या म्हाताऱ्यांना फोन धड धरता येत नव्हता, त्यांच्या सह्या काकांनीच करून दिल्या होत्या. सगळ्यांचे नंबर त्यांच्या वहीत. शिवाय पालिकेची अर्धी छपाई यांच्याकडे. ठिणगीनं दुकानात शिरून सरळ वहीवरच हात ठेवला.

"काका, किती जणांच्या काढल्यात?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "सकाळी सकाळी शिव्या खायला आलीस का? शुक्रवारी दुकान बंद होतं. दाढ काढली माझी. हा बघ." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आत कापूस होता.

"नंबर तर तुमच्याकडे आहेत."

"नंबराला कोण विचारतं! सही काढायला कोड लागतो. कोड येतो ज्याचा त्याच्या फोनवर. मी इथं वही घेऊन बसलो तर वहीवर येतो का कोड?"

ठिणगीनं वहीवरचा हात काढला. राग तसाच, पण आता त्याला दिशा मिळाली होती. म्हणजे ज्यानं काढल्या त्याच्या हाताशी नऊ माणसांचे नऊ फोन होते. तीन सकाळी, तीन दुपारी, तीन संध्याकाळी. एवढ्या लोकांचे फोन एका माणसाकडे कधी येतात?

"काका, तीन-तीन माणसं येतात, फोन काढून ठेवतात आणि चार-चार तास उठत नाहीत. अशी जागा कुठली?"

काका म्हणाले, "तुरुंग." आणि स्वतःच्या विनोदावर हसायला गेले तर दाढ दुखली.

ठिणगी हसली नाही. ती दुकानाबाहेर धावत सुटली होती.

४

दवाखान्याच्या दारावर पाटी होती. ती आठवड्यातून तीनदा वाचायची, म्हणून वाचणंच विसरली होती. पहिली पाळी सात ते अकरा. दुसरी बारा ते चार. तिसरी साडेचार ते साडेआठ.

आत तीन खाटा, तीन मशीनं. शनिवारची मंडळी वेगळी, पण रीत तीच. एक हात सरळ पसरलेला, त्यात दोन जाड सुया, नळ्यांतून लाल रक्त जातंय नि येतंय. त्या हातानं चार तास काही करायचं नाही. हात हलला की मशीन बोंबलतं. म्हणून टेक्निशियन दादा सुया लावायच्या आधी सगळ्यांचे फोन गोळा करून एका स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायचा. ट्रे भिंतीवरच्या फळीवर. मंडळींना झोप लागायची. फोन उजळायचे, विझायचे.

कोड लॉक केलेल्या फोनच्या काचेवरसुद्धा दिसतो.

"दादा, बाहेर या."

दादा हातमोजे काढत आला. हा माणूस आईची शीर पहिल्या खेपेला शोधायचा. आधीच्याला तीन-तीनदा टोचावं लागायचं, आई ओठ चावून रक्त काढायची. म्हणूनच ठिणगीचा आवाज जास्त चढला.

"शुक्रवारी तुमच्या ट्रेमधल्या नऊ फोनवरून नऊ सह्या गेल्या. काय मिळालं? मोठ्या हॉस्पिटलात पर्मनंट करतायत?"

दादाचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं, सापडला.

"वेळा दाखव," तो म्हणाला. कागद बघितला, एका आकड्यावर बोट ठेवलं. "अकरा पंचवीस. त्या वेळी मी काय करतो?"

तिला पाठ होतं. अकराला पहिली पाळी सुटते. मग दादा कोपरापर्यंत रबरी मोजे घालून मशीनं औषधानं धुतो.

"आणि फोन?"

फोन तर सुया काढायच्या आधीच ज्याचे त्याला परत.

"मग दोघांच्या सह्या पावणेआठला गेल्या आणि तिसरी साडेतीन तासांनी, हे कसं? मी चोरल्या असत्या तर तिन्ही एकदम नसत्या चोरल्या?"

दादानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि तिच्याकडे न बघता पुढे केला.

"काल सकाळी दार उघडलं तर खाली सरकवलेला होता. वरती लिहिलं होतं, प्रत्येक पाळीला वाचून दाखवणे. मी वाचला. काढा असं नाही म्हणालो कोणाला. ज्यांनी फोन मागितला त्यांना ट्रेमधून दिला, एवढंच."

कागदावर तीन ओळी होत्या. मोठ्या रुग्णालयात जागा फक्त बारा आहेत. याचिकेत नाव असलेल्या रुग्णांचा विचार सर्वांत शेवटी होईल. आज पाचच्या आत नाव मागे घेणाऱ्यांना जागा आधी मिळेल.

रुग्ण अठरा होते. नऊ या दिवसांचे, नऊ त्या दिवसांचे.

"म्हणजे चोर नाहीच?" ठिणगीचा आवाज एकदम लहान झाला. "त्यांनी आपापल्या हातानं काढल्या?"

"ड्रायव्हर आजोबांनी काढली, शिवणवाल्या मावशींनी काढली. दोघांच्या सुया डाव्या हाताला, उजवा मोकळा. मशीन चालू असताना काढल्या त्यांनी." दादा थांबला. "तिसऱ्या खाटेचं तू मला विचारू नकोस."

विचारायची गरजच नव्हती. डाव्या हाताची शीर दोनदा निकामी झाल्यामुळे जिच्या सुया उजव्या हाताला लागतात, आणि डाव्या हातानं जिला फोन चालवता येत नाही, अशी त्या पाळीत एकच बाई होती. सुया निघाल्यावर ती बाकावर बसून पंधरा मिनिटं कापूस दाबून धरायची. आणि मग तिचा उजवा हात मोकळा व्हायचा.

शुक्रवारी तिला बाहेर यायला उशीर झाला होता. "रक्त थांबत नव्हतं गं," म्हणाली होती.

कापूस पांढराशुभ्र होता. ठिणगीनं बघितला होता. बघून विसरली होती.

५

रविवारी आई बटाटे उकळत होती. तिचे बटाटे दोनदा उकळायचे आणि दोन्ही वेळा पाणी फेकून द्यायचं, नाहीतर त्यातलं काहीतरी रक्तात साचतं. ओट्यावर तिची पाण्याची बाटली, तिच्यावर ठिणगीनंच गोडाऊनमधलं लेबल चिकटवून खुणा केलेल्या. दिवसभरात एवढंच प्यायचं.

ठिणगीनं दोन्ही कागद बाटलीशेजारी ठेवले.

आईनं गॅस बारीक केला. "कळलं का?"

"अकरा पंचवीस."

"हो."

"तुझ्यासाठी केलं होतं मी हे सगळं! दारोदार! कुत्री अंगावर आली! लोक म्हणाले, शाळा सोडलेली पोरगी सरकार चालवायला निघाली! आणि तू..."

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! त्यांच्याही सह्या आहेत!"

आई खुर्चीवर बसली. "सकाळी तू म्हणालीस ना, आठ जास्त आहेत. मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटले. माझ्या लेकीनं पाच हजार केले, वर आठ. अकरानंतर पाळी बदलताना दुपारच्या लोकांनाही सांगितलं. पण त्याआधी, सकाळी सुया लावल्यावरच, दादानं तो कागद वाचला होता. मी पडल्या पडल्या साडेतीन तास हिशोब केला. म्हटलं, आठांतली एक माझी. मी काढली तर सात उरतात. तुझं कामही होतं आणि माझी जागाही राहते."

"आणि बाकीच्या आठांनी?"

"त्यांनीही तोच केला असेल." आईनं पदराला हात पुसले. "प्रत्येकाला वाटलं, ते आठ आपलेच."

ठिणगी ओट्याला टेकून खाली बसली. नऊ जणांनी आठ वाटून घेतले होते. यातला एक, कोणीही एक, थोडा कमी घाबरला असता तर पुरलं असतं.

"मला मरायचं नव्हतं गं," आई म्हणाली. साधंच म्हणाली, जसं मीठ संपलंय म्हणतात. "दुसरं काही नाही."

यावर रागावता येतं का? ठिणगीनं प्रयत्न केला. जमलं नाही.

थोड्या वेळानं आईच म्हणाली, "एकच सही परत यायला हवी ना? मग लिही. मी काढलीच नाही. फोन ट्रेमध्ये होता, दादानं काढली. मी येते खिडकीवर, सांगते."

"दादाचं काय होईल?"

बटाट्याचं पाणी उतू गेलं, तरी दोघी उठल्या नाहीत.

शेवटी ठिणगीनं कागद आवरायला घेतले. एकावर एक ठेवले, आणि तिचा हात थांबला. दादाच्या कागदाला ना सही, ना शिक्का, ना जावक नंबर. पण खालच्या कोपऱ्यात, बोटभर जागेत, जांभळा डाग होता. डागाच्या मधोमध पांढरी रेघ.

वेळांच्या कागदावरही तसाच. तीच रेघ, तशीच तिरकी.

नावं आम्हाला दिसतात, तुम्हाला नाही.

"आई," ती म्हणाली, "कुंपणानंच शेत खाल्लंय."

६

सोमवारी सकाळी दादानं आईचा उजवा हात धरला, शिरेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हळूच हं, आई." पहिल्या खेपेला लागली. ठिणगीच्या खिशातल्या अर्जावर 'सही कोणी काढली' हा रकाना होता. त्यात तिनं दादाचं नाव पेन्सिलीनं लिहिलं होतं. दारात उभं राहून तिनं ते खोडलं. इतकं घासून खोडलं की कागद पातळ झाला.

अकराला आई सुटली. म्हणाली, कापूस चालता चालता दाबते, चल. साडेबाराला दोघी पालिकेत. आईला बाहेर नोटिशीच्या फळ्याखाली बाकावर बसवून ठिणगी तीन नंबरवर गेली.

तिनं दोन्ही कागद खिडकीत शेजारी शेजारी मांडले. अंगठ्याला अंगठा लावून.

खिडकीवाल्या साहेबांनी बघितलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"पाच हजार झाले की भरसभेत उत्तरं द्यावी लागतात," ठिणगी म्हणाली. "सह्या करणारे पेशंट कोणते, किती, हे फक्त तुम्हाला दिसत होतं. आठच जास्त आहेत, हे तर सगळ्यांनाच. पाच हजार लोकांना कोण घाबरवणार? नऊ आजारी माणसं पुरली."

"हळू बोल."

"का?"

"मागं लोक आहेत." साहेबांनी आवाज उतरवला. त्यात गोडवा तसाच होता, तेच वाईट होतं. "मी काय, मी खिडकी. वरून सांगतात आकडा सांभाळ, मी सांभाळतो. माझ्याही घरी माणसं आहेत."

"अर्ज घ्या."

त्यांनी अर्ज घेतला, चाळला. "'सही कोणी काढली', हे कोरं आहे."

"लिहा तुमचं नाव."

"पण मी नाही काढली. प्रत्येकानं स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या बोटानं काढली. हो की नाही? तुझ्या आईनंसुद्धा?"

ठिणगीचा हात काचेवर आपटायला उठला. एक शब्द पुरला असता. नाही म्हणायचं, दादाचं नाव घ्यायचं, आई बाहेर बसलेलीच होती. दवाखाना सात मिनिटांवर राहिला असता.

"तुम्ही घाबरवलंत त्यांना," ती म्हणाली.

"घाबरवल्याचा रकाना नाहीये गं अर्जात." साहेबांनी शिक्का उचलला. 'अपूर्ण'. मारला. "हा विषय आता वर्षभर परत मांडता येत नाही. पुढच्या वर्षी ये. तू हुशार आहेस."

तोवर मशीनं नदीपलीकडे गेलेली असणार होती. अर्ज परत देताना त्यांनी अंगठा आत दुमडला, डाग पडू दिला नाही. मग एकला पाच मिनिटं असताना खिडकी लावून घेतली.

बाहेर आई बाकावरून उठून फळ्यासमोर उभी होती. नाक अगदी काचेला लावून वाचत होती.

"बस की खाली, अंधारी येईल."

"यादी आहे," आई म्हणाली. "मोठ्या हॉस्पिटलातल्या जागांची. माझं नाव चौथं. खाली ड्रायव्हर आजोबा, शिवणवाली मावशी, शनिवारचे पण सगळे." तिनं बोटानं मोजलं, परत मोजलं. "अठरा आहेत गं. बारा नाहीत. सगळ्यांना जागा आहे."

"तारीख बघ."

आईनं तारीख बघितली. शनिवारी फळ्यावर नव्हती, पण यादी दोन आठवड्यांपूर्वीची होती.

तिनं यादीवरचं बोट खाली घेतलं. मग तिनं विचारलं, "तुझं काय झालं आत?"

"खरं सांगून आले."

आईनं मान हलवली. बाकाकडे वळताना तिचा तोल गेला, तेव्हा ठिणगीनं तिचा उजवा हात धरला आणि हाताला ओलं लागलं. कापूस लालभडक झाला होता, कडेनं थेंब कोपरापर्यंत आला होता.

"थांबत नाहीये," आई म्हणाली.

आज ते खरं होतं. ठिणगीनं कापसावर अंगठा ठेवला आणि जोरात दाबून धरला.